चोखणी हरवू नये म्हणून: पट्टी, मणी आणि डबी यांचा सात महिन्यांचा अनुभव

आमच्या मुलीने चोखणी स्वीकारली ती दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस, आणि पहिली चोखणी हरवली ती त्यानंतर बरोबर चौथ्या दिवशी. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना ती तिच्या तोंडात होती, गाडीत बसल्यावर नव्हती, आणि मधला जिना, व्हरांडा व वाहनतळ दोनदा पालथा घालूनही ती सापडली नाही. पुढच्या पाच आठवड्यांत आणखी पाच चोखण्या गेल्या. वैतागून मी एका वहीत साधी नोंद ठेवू लागलो: कोणती चोखणी कुठे गेली, आणि जाण्यापूर्वी ती शेवटची कोणाच्या हातात होती. सहांपैकी दोनच तोंडातून निसटून पडल्या होत्या. उरलेल्या चार आम्हीच काढून घेतल्या होत्या, कधी दूध पाजण्यासाठी, कधी झबले बदलण्यासाठी, तर कधी ती झोपली म्हणून. आणि काढलेली चोखणी कुठे ठेवली हे पाच मिनिटांनी आम्हा दोघांपैकी कोणालाही आठवत नव्हते.

हा हिशेब आरंभीच मांडण्याचे कारण असे, की चोखणी सांभाळण्यासाठी विकली जाणारी जवळजवळ सगळी साधने पहिल्या प्रकारच्या हरवण्यावर उपाय देतात आणि दुसऱ्या प्रकाराविषयी अवाक्षर काढत नाहीत. पुढे ज्या वस्तूंविषयी लिहिले आहे त्या सर्व आम्ही स्वतः विकत घेतल्या, रोजच्या बाहेर जाण्यात वापरल्या आणि याच मापाने जोखल्या. उत्पादकांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण एकाच घडणीची पट्टी निरनिराळ्या वेष्टनांत निरनिराळ्या नावांनी मिळते, आणि घेणाऱ्याने नावापेक्षा घडण पाहणे अधिक गरजेचे आहे असे माझे मत झाले आहे.

सर्वांत जास्त वापरली गेली ती कापडी पट्टी. तिची रचना अगदी साधी असते: एका टोकाला कपड्याला लावायचा प्लास्टिकचा चिमटा, मध्ये बोटभर रुंदीची दुहेरी शिवलेली पट्टी, आणि दुसऱ्या टोकाला चोखणीच्या कडीतून ओवून टिचबटणाने बंद करायचा फास. आमच्याकडे अशा तीन पट्ट्या होत्या आणि सात महिन्यांनंतर त्यांपैकी दोन अजून वापरण्याजोग्या आहेत. पट्टी लावलेली असताना चोखणी रस्त्यावर पडून गेली असे एकदाही झाले नाही, आणि ज्या कामासाठी ती घेतली ते काम ती चोख करते एवढे निःशंकपणे म्हणता येईल. तिच्याविषयीच्या तक्रारी वेगळ्याच ठिकाणी आहेत.

पहिला प्रश्न लांबीचा. पट्टी जितकी लांब तितकी सोयीची, असे मलाही प्रथम वाटले होते, कारण आखूड पट्टी लावली की मुलीने मान वळवताच चोखणी ओढली जाते आणि ती चिडते. पण लांब पट्टी गळ्याभोवती वेढा घालू शकते. युरोपात या पट्ट्यांसाठी ईएन १२५८६ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात पट्टीची कमाल लांबी २२० मिलिमीटर, म्हणजे २२ सेंटिमीटर, ठरवून दिलेली आहे. घरी आणल्यावर मी तिन्ही पट्ट्या मोजपट्टीने मोजल्या. दोन त्या मर्यादेत बसल्या. तिसरी, हाताने विणलेली आणि दिसायला सर्वांत देखणी, ताणल्यावर जवळजवळ २८ सेंटिमीटर भरली. ती भेट म्हणून आली होती, त्यामुळे काही दिवस ती बाबागाडीच्या दांड्यावर शोभेसाठी राहिली आणि मग कपाटात गेली. लवचीक किंवा विणलेली पट्टी घेताना ती सैल ठेवून नव्हे तर पूर्ण ताणून मोजावी, ही गोष्ट मला या एका वस्तूने शिकवली.

२२ सेंटिमीटर पुरतात का, याचे उत्तर चिमटा कुठे लावला यावर अवलंबून आहे. आरंभी आम्ही तो खांद्यावर लावत असू, कारण तेथे कापड हाताला लगेच सापडते. परंतु तेथून पट्टी गळ्याच्या अगदी लगत जाते आणि मुलाने मान फिरवली की हनुवटीखाली अडकते. छातीच्या मध्यापासून थोडे बाजूला, काखेच्या रेषेच्या वर, चिमटा लावल्यास निसटलेली चोखणी पोटावर येऊन थांबते, बाबागाडीच्या कडेबाहेर लोंबत नाही आणि मुलाला ती स्वतः उचलता येते. सहाव्या महिन्यापासून आमची मुलगी पट्टी पकडून चोखणी ओढून घेऊ लागली, आणि त्यानंतर पट्टीचा खरा लाभ चोखणी न हरवण्यापेक्षा यातच होता, असे पत्नीचे मत आहे. मी त्याला अर्धी संमती देतो, कारण उरलेल्या अर्ध्या वेळी ती चोखणीचे बोंड न चोखता पट्टीच चोखत बसलेली असते.

गाडीतील आसनाच्या पट्ट्यांना किंवा बाबागाडीच्या कापडाला चिमटा लावू नये, तो अंगातील कपड्यालाच लावावा. हे वेष्टनावर लिहिलेले असते आणि आम्ही ते वाचूनही एकदा मोडले. मुलीला आसनातून उचलताना पट्टी आसनालाच राहिली, चोखणी तोंडातून झटक्याने बाहेर ओढली गेली आणि पुढची दहा मिनिटे तिने आम्हाला त्याबद्दल सुनावले.

आता चिमट्याविषयी, कारण पट्टीचा बरेवाईटपणा तेथे ठरतो. प्लास्टिकचा चिमटा आणि धातूचा चिमटा असे दोन मुख्य प्रकार आहेत. धातूचा, म्हणजे सस्पेंडरला असतो तसा, खटक्याने उघडणारा चिमटा जाड कापडालाही घट्ट धरतो आणि मूल त्याला सहजी उघडू शकत नाही. त्याच्या जबड्यात कापड कुरतडले जाऊ नये म्हणून आत प्लास्टिकचे छोटे अस्तर बसवलेले असते. दोन महिन्यांनंतर एका सकाळी मला ते अस्तर जागेवर दिसले नाही. ते कुठे गेले हे शोधताना मी जो अर्धा तास काढला, तो या सर्व खटाटोपातील सर्वांत वाईट अर्धा तास होता. शेवटी ते धुण्याच्या यंत्राच्या जाळीत सापडले. त्याचा आकार करंगळीच्या नखाएवढा होता. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील लहान भाग तपासण्यासाठी अमेरिकेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळकांडी वापरली जाते, आणि जो सुटा भाग तिच्यात पूर्णपणे मावतो तो घशात अडकण्याजोगा मानला जातो. आमचे अस्तर त्या नळकांडीत मावून वर पुष्कळ जागा उरली असती. त्याच चिमट्याच्या स्प्रिंगपाशी लाळेमुळे गंजाचा ठिपकाही दिसू लागला होता. ती पट्टी त्याच दिवशी कचऱ्यात गेली.

प्लास्टिकचा चिमटा तुलनेने दुबळा वाटतो आणि जाड लोकरी कपड्यावर तो खरोखरच निसटतो. मात्र तो एकसंध असतो, गंजत नाही आणि त्यातून सुटून पडण्यासारखे फारसे काही नसते. बऱ्या चिमट्याच्या पाठीवर भोके असतात. ती नक्षी नव्हे, चिमटा कधी तोंडात गेलाच तर श्वासाला वाट राहावी म्हणून ती ठेवलेली असतात, ज्या कारणासाठी चोखणीच्या चकतीलाही भोके असतात. विकत घेताना मी आता आधी ती भोके पाहतो, मग चिमटा दोन्ही हातांनी ताणून पाहतो, आणि रंग व चित्रे यांच्याकडे सर्वांत शेवटी वळतो. माझ्या बहिणीला ही पद्धत फार रुक्ष वाटते.

फासाच्या टोकालाही एक घोळ आहे, आणि तो चोखणीच्या प्रकारातून येतो. काही चोखण्यांना मागे कडी असते, काहींना नुसती गाठीसारखी मूठ. टिचबटणाचा फास कडीतून सहज जातो, पण मुठीच्या चोखणीला त्याचा काहीच उपयोग होत नाही. तिच्यासाठी सिलिकॉनचे एक वेगळे वळे लागते, जे मुठीवर ताणून बसवायचे आणि त्यात फास अडकवायचा. आमच्या पहिल्या वळ्याने दोन आठवड्यांत सैल पडून हे काम सोडले. दुसरे टिकले, पण प्रत्येक वेळी चोखणी उकळण्यापूर्वी ते काढणे आणि नंतर बसवणे इतके कंटाळवाणे होते, की शेवटी आम्ही कडीच्या चोखण्यांवरच आलो. काही पट्ट्यांना टिचबटणाऐवजी बारीक दोरीचा फास असतो, जो कडीतून घालून त्यातून सगळी पट्टी ओढून घ्यायची असते. तो प्रकार दोन्ही तऱ्हांच्या चोखण्यांना चालतो आणि त्यात सुटे बटण नसते हा त्याचा गुण. रडणारे मूल कडेवर असताना एका हाताने तो सोडवता येत नाही हा त्याचा दोष, आणि तो मोठा आहे.

धुण्याच्या बाबतीत कापडी पट्टीकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती लाळ शोषते, दिवसाअखेर ओलसर राहते आणि दोन दिवस न धुतल्यास तिला आंबूस वास येतो. लाळेरे जसे रोज बदलतो तशीच पट्टीही रोज बदलावी लागते, म्हणून एक घेणे निरर्थक आहे. दोन तरी हव्यात. आमच्या एका पट्टीचा गडद रंग पहिल्या तीन धुण्यांत पाण्यात उतरला. जी गोष्ट मूल दिवसभर तोंडात घालणार तिचा रंग असा सुटणे मला मान्य नाही, आणि तेव्हापासून आम्ही फिक्या रंगाच्याच पट्ट्या घेतो.

हा धुण्याचा त्रास चुकवण्यासाठीच आम्ही सिलिकॉनच्या मण्यांची पट्टी घेतली. ती दिसायला आकर्षक असते, ओल्या फडक्याने पुसून लगेच वापरता येते, आणि दात येण्याच्या दिवसांत मुले मणी आवडीने चावतात, म्हणून ती दोन कामे एकाच वेळी करते असे तिच्याविषयी सांगितले जाते. पहिले तीन आठवडे मलाही तिचे कौतुक वाटले. मात्र ती पट्टी म्हणजे अखेर एका दोऱ्यावर ओवलेले दहा-बारा मणी आहेत, आणि त्या दोऱ्याची गाठ शेवटच्या मण्याच्या पोटात लपवलेली असल्यामुळे ती झिजली आहे की नाही हे बाहेरून पाहताच येत नाही. कापडी पट्टीची शिवण उसवू लागली तर दोरे लोंबताना दिसतात. मण्यांची पट्टी मात्र तुटेपर्यंत नवी दिसते. शिवाय चावण्याला उत्तेजन देणारी वस्तू नेमकी अशा दोऱ्यावर असावी यात मला मूळचीच विसंगती वाटू लागली. दात येताना वापरायच्या मण्यांच्या माळा आणि बांगड्या यांच्याविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये गळा आवळण्याचा आणि मणी घशात अडकण्याचा धोका सांगून पालकांना सावध केले होते. चोखणीची पट्टी म्हणजे गळ्यातील माळ नव्हे, हे मान्य. तरी मणी सुटण्याचा धोका दोन्हींत सारखाच आहे. आमची पट्टी तुटली नाही. ती तुटण्याआधीच आम्ही बाजूला ठेवली, त्यामुळे तिच्याविषयी प्रत्यक्ष तक्रार करण्यासारखे माझ्याकडे काही नाही, फक्त तिच्यावर विश्वास बसला नाही.

पट्टी कोणतीही असो, तिची सर्वांत मोठी मर्यादा झोप ही आहे. चोखणी गळ्यात अडकवू नये हे बहुतेकांना ठाऊक असते. अमेरिकेत तर चोखणीच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे नियमाने बंधनकारक आहे आणि दोरी, फीत किंवा साखळी जोडलेली चोखणी विकताच येत नाही. परंतु झोपलेल्या मुलाच्या कपड्यालाही ती पट्टीने अडकवलेली नसावी, हे तितके लक्षात राहत नाही. अमेरिकन अकादमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या सुरक्षित झोपेविषयीच्या शिफारशींत या दोन्ही गोष्टी आहेत: झोपताना चोखणी देण्याने झोपेतील आकस्मिक बालमृत्यूचा धोका घटतो असे ती संस्था सांगते, आणि त्याच वेळी ती चोखणी गळ्यात किंवा कपड्याला अडकवलेली नसावी, तिला मऊ खेळणे जोडलेले नसावे, असेही बजावते. मूल झोपल्यावर चोखणी तोंडातून पडली तर ती पुन्हा घालण्याची गरज नाही, ही त्यातील मला सर्वांत दिलासा देणारी ओळ होती, कारण त्यापूर्वी आम्ही रात्री चार-चार वेळा उठून ते काम इमानाने करत होतो.

घराबाहेर या नियमाचा अर्थ फार गैरसोयीचा होतो. आमची मुलगी बाबागाडीत किंवा प्रवासात आसनात बसल्या बसल्या झोपते, आणि ज्या क्षणी तिचे डोळे मिटतात त्याच क्षणी पट्टी काढावी लागते. म्हणजे चोखणी तोंडातून पडण्याची शक्यता जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच तिला धरून ठेवणारे साधन दूर करावे लागते. माझ्या वहीतील चार चोखण्यांपैकी दोन याच टप्प्यावर गेल्या होत्या. काढलेली चोखणी हातात, मूल झोपेत, पिशवी खांद्यावर, आणि मग ती चोखणी शर्टाच्या खिशात, बाबागाडीच्या छपरावर, कोठल्याशा बाकावर. पट्टीकडे या प्रसंगाचे उत्तर नाही, आणि ते तिच्याकडून मागणेही योग्य नाही.

ते उत्तर दिले एका डबीने. चोखणीची डबी ही इतकी सामान्य वस्तू आहे की तिच्याविषयी काही लिहिण्यासारखे असेल असे मला वाटले नव्हते, पण आम्ही वापरलेल्या तीन डब्यांतील फरक पाहता थोडे लिहिणे भाग आहे. पहिली चोखणीबरोबरच फुकट मिळालेली, पारदर्शक, दोन पाकळ्यांची डबी. तिच्यात एकच चोखणी मावते, ती बंद करताना चोखणी नेमक्या दिशेला ठेवावी लागते, आणि पिशवीत दाब आला की ती उघडते. शिवाय तिला हवेची भोके नसल्याने ओली चोखणी आत ठेवून विसरल्यास दुसऱ्या दिवशी झाकण उघडताना नाक वळवावे लागते. दुसरी सिलिकॉनची, थैलीसारखी, वर पट्टा असलेली. ती पिशवीच्या दांड्याला लावता येते आणि एका हाताने उघडते. मात्र सिलिकॉनला पिशवीतले सगळे धागे, केस आणि कण चिकटतात; तिचे बाहेरचे अंग दोन दिवसांत असे दिसते की आतील वस्तू कोणाच्या तोंडात जाणार आहे यावर विश्वास बसू नये. तिसरी टणक प्लास्टिकची, दोन चोखण्यांची, हवेची भोके आणि वर कडी असलेली डबी. तीच टिकली. तिच्या तळाशी थोडे पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये वाफेवर चोखणी निर्जंतुक करता येते असे तिच्या वेष्टनावर लिहिले आहे. प्रवासात आम्ही ते दोनदा करून पाहिले आणि त्यात काही अडचण आली नाही, पण आम्ही डबी घेतली ती त्यासाठी नव्हे.

डबी घेतल्यानंतर आम्ही घरात एकच गोष्ट ठरवली: तोंडातून हाताने काढलेली चोखणी एकतर डबीत जाईल, नाहीतर पुन्हा तोंडात, तिसरी जागा नाही. डबी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला, उजव्या पट्ट्याला, कायमची अडकवली. आत एक स्वच्छ चोखणी राखीव असते, आणि दुसरा कप्पा काढलेल्या चोखणीसाठी रिकामा असतो. हा रिकामा कप्पाच सगळ्यात मोलाचा आहे. दोन्ही कप्पे भरून निघालो तर काढलेली चोखणी पुन्हा खिशात जाते आणि आपण मूळ पदावर येतो. आमची सातवी चोखणी अशीच गेली. त्यानंतर गेल्या चार महिन्यांत एकही हरवलेली नाही. यातले श्रेय डबीचे किती आणि ठरवलेल्या गोष्टीचे किती हे मला वेगळे करून सांगता येणार नाही, पण पट्टी तर त्याआधीही होती.

राखीव चोखणी त्याच घडणीची असावी. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु बोंडाचा आकार बदललेला मुले ताबडतोब ओळखतात. आमच्याकडे एकदा घाईत दुसऱ्या आकाराची राखीव चोखणी गेली होती, आणि मुलीने ती तोंडातून अशा काही आविर्भावाने बाहेर ढकलली की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही हसू आवरले नाही.

खाली पडलेल्या चोखणीचे काय करावे, हा प्रश्न या परीक्षणाच्या कडेला आहे, तरी पट्टीची गरज किती हे त्यावरच ठरत असल्याने दोन शब्द लिहितो. पाच सेकंदांत उचलले तर काही होत नाही, या समजुतीला आधार नाही. रटगर्स विद्यापीठात खाद्यपदार्थांवर केलेले जे प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत जंतू एका सेकंदाहून कमी वेळातही वस्तूला लागू शकतात आणि वस्तू जितकी ओली तितके ते अधिक लागतात असे दिसले होते. तोंडातून पडलेली चोखणी ही ओलीच असते. दुसरीकडे, पालकांनी चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करणे हा सर्रास चालणारा प्रकार आहे. स्वीडनमधील एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आला, अशा पालकांच्या मुलांत दीड वर्षाच्या वयात इसब आणि दम्याची लक्षणे कमी आढळली होती, आणि तेव्हापासून आमच्या घरातील ज्येष्ठ मंडळींना आपली जुनी सवय शास्त्रशुद्ध असल्याचा साक्षात्कार झाला आहे. तो अभ्यास दोनशेहूनही कमी मुलांचा होता, आणि मोठ्यांच्या तोंडातील दात किडवणारे जंतू याच वाटेने मुलाकडे जातात हे दंतवैद्य सांगतात. आम्ही राखीव चोखणी देतो आणि पडलेली घरी येऊन धुतो. धुताना बोंडात अडकलेले पाणी दाबून काढावे लागते. ते राहिले तर डबीत दमटपणा धरतो.

उरलेल्या दोन वस्तूंविषयी थोडक्यात. मऊ प्राणी जोडलेली चोखणी, जिच्यात बोंडामागे कापडी हत्ती किंवा जिराफ शिवलेला असतो, ती खरोखरच हरवत नाही, कारण हत्ती सहसा कोणाच्या नजरेतून सुटत नाही. पण प्राणी निघत नसल्याने ती नीट उकळता येत नाही, वाळायला दिवस लागतो, झोपेत ती देता येत नाही, आणि चोखणी फाटली की हत्तीसह टाकून द्यावी लागते. मोठ्या भाच्याने तो हत्ती मागून नेला ही तिची सर्वांत चांगली फलश्रुती. दुसरी वस्तू म्हणजे पडताच आपोआप झाकली जाणारी चोखणी. ती सगळी सिलिकॉनची असते आणि खाली आपटली की बोंड मागच्या फुगीर भागात ओढले जाते. कल्पना चतुर आहे आणि टणक जमिनीवर ती बहुतेक वेळा साधते. गालिच्यावर किंवा मातीत पडल्यास मात्र धक्का पुरेसा बसत नाही आणि बोंड तसेच उघडे राहते. मुलीने ती दोन दिवस चोखली आणि तिसऱ्या दिवशी तिचे बोंड आत-बाहेर करण्याचे खेळणे केले. चोखणी म्हणून तिचा उपयोग तेथे संपला.

पाळणाघरात सोडू लागल्यावर आणखी एक गोष्ट कळली. तेथे पट्टी लावू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण एकमेकांच्या अंगावर रांगणाऱ्या मुलांत लोंबणारी कोणतीही पट्टी नको. तेथे चोखणी सांभाळली जाते ती नावाने. चोखणीच्या चकतीवर नाव कोरून देणाऱ्या सेवा आहेत. आम्ही त्यातील एकीकडून चार चोखण्या मागवल्या. कोरीव अक्षरे टिकली, मात्र त्यांच्या खाचांत दुधाचा थर साचतो आणि तो काढायला मऊ दातांचा ब्रश लागतो. चिकटपट्टीवरचे नाव दोनदा उकळल्यावर निघून जाते, शिवाय निघालेली चिकटपट्टी तोंडात जाण्याची भीती असते, म्हणून ती वापरू नये. डबीवर मात्र चिकटपट्टी चालते, आणि पाळणाघरातील ताईंना प्रत्यक्षात डबीवरचे नावच लागते.

कोणी मला आज विचारले तर मी टिचबटणाची, २२ सेंटिमीटरांच्या आतील, फिक्या रंगाची आणि एकसंध प्लास्टिकच्या चिमट्याची कापडी पट्टी सुचवेन, दोन नग. आणि पट्टी घेण्याआधी कडी असलेली, दोन कप्प्यांची, हवेशीर डबी घ्यायला सांगेन. पट्टीला पाचपैकी साडेतीन गुण, त्यातील अर्धा गुण रोजच्या धुण्यापायी गेला आणि एक झोपेपायी. डबीला साडेचार. मण्यांच्या पट्टीला गुण देत नाही. दोन्ही पट्ट्यांची शिवण आणि चिमट्याची पकड मी दर रविवारी ओढून तपासतो. गेल्या रविवारी एकीच्या टिचबटणाभोवतीचे कापड विरलेले दिसले, तेव्हा तीही लवकरच जाईल.

नवी घ्यावी की नाही याचा मात्र विचार चालू आहे. मुलगी आता दहाव्या महिन्यात आहे, आणि मागच्या आठवड्यापासून ती कपड्यावरचा चिमटा दोन्ही हातांनी धरून उपटते व पट्टी, चिमटा, चोखणी असा सगळा ऐवज मोठ्या खुशीने माझ्या हातावर ठेवते. मी तो डबीत ठेवतो, आणि ती तो परत मागते.